रॅकवरचा बारकोड किती अंतरावरून वाचला जाईल, हे नेमके कशावर ठरते?

गोदामपाल

नमस्कार. भिवंडीजवळच्या एका गोदामाचे काम मी पाहतो. आमच्याकडे पाच मजली रॅक आहेत आणि प्रत्येक कप्प्याच्या बीमवर त्या जागेचा बारकोड चिकटवलेला आहे. पॅलेट (माल रचलेली फळी) ठेवताना किंवा उचलताना फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याने बसल्या जागेवरून तो बारकोड वाचावा, अशी मूळ योजना होती. त्यासाठी लांब पल्ल्याचे लेझर स्कॅनर घेतले, आणि त्यांच्या माहितीपत्रकात दहा मीटरपर्यंतचा पल्ला छापलेला आहे. प्रत्यक्षात खालचे दोन मजले व्यवस्थित वाचले जातात, तिसऱ्यासाठी ट्रिगर पुन्हा पुन्हा दाबावा लागतो आणि वरचे दोन मजले मुळीच वाचले जात नाहीत. चालक मग जागेचा क्रमांक हाताने टंकतात आणि महिनाअखेरीस साठा जुळत नाही.

लेबल १०० बाय ५० मि.मी. आकाराचे असून बारकोड कोड १२८ प्रकारचा आहे. त्यात ‘ए-१२-०३-०४’ अशा धर्तीचा मजकूर आहे, म्हणजे गल्ली, खांब, मजला आणि कप्पा. पुरवठादार म्हणतो की याहून भारी स्कॅनर घ्यावे लागतील. तो खर्च मंजुरीला पाठवण्याआधी मला एवढेच समजून घ्यायचे आहे, की दोष स्कॅनरचा आहे की लेबलचा?

थर्मलवाला

उत्तर देण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. आपला प्रिंटर २०३ डीपीआयचा (म्हणजे इंचाला २०३ डॉट, छपाईचे ठिपके) आहे की ३०० चा, आणि लेबलच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत अरुंद पट्टीची रुंदी किती डॉट दाखवली आहे? स्कॅनरचे मॉडेल त्यानंतर सांगितले तरी चालेल.

गोदामपाल

प्रिंटर २०३ डीपीआयचा आहे. सॉफ्टवेअरमध्ये ‘नॅरो बार : ४ डॉट’ असे दिसते. लेबल साध्या कागदाचे आहे आणि त्यावर मेणाच्या रिबनने, म्हणजे उष्णतेने मेणाची शाई उतरवणाऱ्या फितीने, छपाई केलेली आहे.

सूक्ष्ममापी

मग बहुतांश उत्तर तुमच्या या दोन ओळींतच आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न वरचेवर येतो आणि दर वेळी चर्चा स्कॅनरच्या किमतीकडे वळते.

बारकोड किती दुरून वाचला जाईल हे त्याच्या एकूण आकारावर अवलंबून नसते. ते त्यातल्या सर्वांत अरुंद पट्टीच्या रुंदीवर अवलंबून असते. या रुंदीला एक्स-डायमेन्शन म्हणतात आणि स्कॅनरच्या माहितीपत्रकांत ती ‘मिल’ या एककात दिलेली असते. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ०.०२५४ मि.मी. लेझर स्कॅनरचा लाल ठिपका पट्ट्यांवरून सरकत जातो आणि परत आलेल्या प्रकाशाच्या चढउतारावरून काळे-पांढरे ओळखले जाते. हा ठिपका एका ठरावीक अंतरावर सर्वांत बारीक असतो आणि त्यापुढे तो पसरत जातो. ज्या अंतरावर तो अरुंद पट्टीपेक्षा बराच मोठा होतो, तिथे शेजारच्या पट्ट्यांचे चढउतार एकमेकांत मिसळतात आणि वाचन थांबते. म्हणून ढोबळमानाने, पट्टी दुप्पट रुंद केली की पल्लाही दुप्पट होतो.

आता तुमचा हिशेब करू. २०३ डीपीआयच्या प्रिंटरचा एक डॉट ०.१२५ मि.मी. असतो, म्हणजे चार डॉटांची पट्टी ०.५ मि.मी. किंवा सुमारे २० मिल झाली. माहितीपत्रकातले दहा मीटर कोणत्या पट्टीसाठी आहेत, ते तिथल्या बारीक अक्षरांतल्या तक्त्यात पाहा. बहुतेक १०० मिल, म्हणजे २.५४ मि.मी. असे लिहिलेले सापडेल, आणि तेही प्रकाश परत फेकणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह लेबलसाठी. तुमची पट्टी त्याच्या पाचव्या हिश्शाची आहे, म्हणून पल्लाही सुमारे दोन मीटरच मिळेल. साध्या कागदावर तोही पूर्ण मिळतो असे नाही, कारण साधा कागद प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि अंतर वाढेल तसा स्कॅनरकडे परतणारा प्रकाश झपाट्याने कमी होतो. स्कॅनर त्याच्या कुवतीप्रमाणे काम करतो आहे. पुरवठादाराने तुम्हाला तक्त्यातली शेवटची ओळ दाखवली, एवढेच.

गोदामपाल

तक्ता काढून पाहिला. दहा मीटरच्या ओळीसमोर १०० मिल आणि रिफ्लेक्टिव्ह असेच लिहिलेले आहे. मग पट्टी रुंद करण्यासाठी लेबल पाचपट मोठे करायचे का? आमच्या बीमची उंची जेमतेम शंभर मि.मी. आहे आणि एका पॅलेटच्या वाट्याला येणारी लांबी पाहता दीडशे मि.मी.पेक्षा मोठे लेबल सोयीचे नाही.

सूक्ष्ममापी

लेबल मोठे करण्याआधी त्यातला मजकूर लहान करा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत स्वस्त दुरुस्ती हीच आहे, आणि ती कोणी सुचवत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नसते.

कोड १२८ मध्ये प्रत्येक चिन्हाला ११ एकके लागतात, आणि एकक म्हणजे अरुंद पट्टीची एक रुंदी. त्याशिवाय आरंभचिन्ह ११, पडताळाचिन्ह ११ आणि अंत्यचिन्ह १३ मिळून ३५ एकके नेहमीचीच. दोन्ही बाजूंना किमान दहा-दहा एककांची कोरी जागा सोडावी लागते. तुमच्या मजकुरात तीन आडव्या रेघा धरून दहा चिन्हे आहेत, म्हणून ११० अधिक ३५ अधिक २० अशी १६५ एकके होतात. १०० मि.मी.च्या लेबलला १६५ ने भागले तर ०.६ मि.मी. येतात. प्रिंटरला अर्धा डॉट छापता येत नाही, म्हणून त्याने चार डॉटांवर, म्हणजे ०.५ मि.मी.वर काम भागवले.

आता कोड १२८ चा ‘सी’ हा चिन्हसंच पाहा. त्यात दोन अंक मिळून एकच चिन्ह होते. गल्लीचे अक्षर काढून तिथे ०१, ०२ असे क्रमांक दिले आणि रेघा वगळल्या, तर ‘०११२०३०४’ हे आठ अंक चार चिन्हांत बसतात. ४४ अधिक ३५ म्हणजे ७९, आणि कोरी जागा धरून ९९ एकके. सध्याच्याच १०० मि.मी.च्या लेबलवर ही पट्टी सात डॉटांची, म्हणजे ०.८७५ मि.मी.ची करता येते आणि बारकोड ८७ मि.मी.त मावतो. तोच स्कॅनर, तोच कागद, तेवढेच लेबल, आणि पल्ला पावणेदोन पट. दीडशे मि.मी.चे लेबल घेतले तर अकरा डॉट, म्हणजे १.३७५ मि.मी. किंवा ५४ मिल सहज मिळतात. बारा डॉटही काठोकाठ बसतात, पण कोऱ्या जागेला लागूनच रॅकचा गडद रंग सुरू होतो, म्हणून मी अकरावर थांबेन. वरचाच ढोबळ हिशेब लावला तर रिफ्लेक्टिव्ह लेबलवर सव्वापाच-साडेपाच मीटरचा पल्ला मिळायला हरकत नाही.

माणसांना वाचण्यासाठी बारकोडखाली मोठ्या अक्षरांत ‘ए-१२-०३-०४’ जरूर छापा. बारकोडच्या आत काय आहे आणि खाली काय छापले आहे, हे एकच असले पाहिजे असा नियम नाही. दोहोंची सांगड गोदामाच्या सॉफ्टवेअरने घालायची असते. मात्र लेबलच्या सॉफ्टवेअरमध्ये संचाची निवड ‘ऑटो’ आहे ना, एवढे तपासा. ती ‘बी’ संचावर अडकलेली असेल तर आठ अंकांना आठ चिन्हे लागतील आणि सगळा फायदा जाईल.

शंकेखोर

हिशेब पटला, पण एक शंका आहे. पल्ला पट्टीच्या रुंदीवर ठरतो, तर बारकोडची उंची वाढवून काहीच मिळत नाही का? आमच्या कारखान्यात लेबलवर जागा उरली की ती उंचीत घालतात.

सूक्ष्ममापी

पल्ला वाढत नाही, नेम धरणे सोपे होते. पाच मीटरवर हात एक अंशाने हलला तर लेझरची रेघ जवळपास नऊ सेंटिमीटरने वरखाली होते. चालत्या फोर्कलिफ्टवर बसून दहा मि.मी. उंचीच्या पट्ट्यांवर रेघ धरून ठेवणे कोणालाही जमणार नाही. म्हणून लांबून वाचायच्या लेबलवर चाळीस-पन्नास मि.मी. उंची ठेवावी. पण रुंदीतली जागा उंचीला देणे, म्हणजे लेबल उभट करणे, हा शुद्ध तोटा आहे.

मसालेवाली

विषय गोदामाचा आहे, पण माझी अडचणही मापाचीच आहे, म्हणून विचारते. आम्ही मसाल्यांच्या पाकिटांवर ३८ मि.मी. रुंद लेबल लावतो आणि त्यावर ईएएन-१३, म्हणजे दुकानातल्या मालावर असतो तो तेरा अंकी बारकोड छापतो. दुकानदारांची तक्रार अशी की आमचे पाकीट काउंटरच्या स्कॅनरला अगदी टेकवावे लागते, तरी कधी वाचले जाते आणि कधी नाही. इतरांची पाकिटे हातभर अंतरावरून वाचली जातात. प्रिंटर २०३ डीपीआयचाच आहे.

थर्मलवाला

ताई, ईएएन-१३ मध्ये कोऱ्या जागेसह ११३ एकके असतात. प्रमाणित एकक ०.३३ मि.मी. असते, म्हणजे पूर्ण आकारात बारकोड ३७.२९ मि.मी. रुंद होतो. आकार ८० टक्क्यांपासून २०० टक्क्यांपर्यंत बदलण्याची मुभा आहे. आता २०३ डीपीआयवर ०.३३ मि.मी. छापताच येत नाही. दोन डॉट घेतले तर ०.२५ मि.मी. होतात, आणि ते ८० टक्क्यांच्याही खाली जाते. तीन डॉट घेतले तर ०.३७५ मि.मी. होतात, आणि बारकोड ४२ मि.मी.च्या पुढे जातो, म्हणजे तुमच्या लेबलच्या बाहेर. अशा वेळी बहुतेक जण चित्र माऊसने ओढून ‘बसवतात’, आणि मग प्रिंटर काही पट्ट्या दोन डॉटांच्या तर काही तीन डॉटांच्या छापतो. डोळ्यांना बारकोड चांगला दिसतो, पण स्कॅनरला पट्ट्यांची प्रमाणे जुळत नाहीत. ५० मि.मी. रुंद लेबल घ्या, तीन डॉट ठेवा आणि बारकोड चित्र म्हणून चिकटवण्याऐवजी प्रिंटरच्या स्वतःच्या आज्ञेने छापा.

शंकेखोर साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर इथे मात्र वेगळे येते. काउंटरच्या स्कॅनरच्या रेघा अनेक दिशांना जातात आणि पाकीट कसेही फिरवून धरले जाते, म्हणून तिथे उंची कापली की तिरके वाचन बिघडते. ईएएनचे डावे आणि उजवे अर्धे वेगवेगळे वाचता येतात, ते याच सोयीसाठी.

नाशिकचा अभियंता

गोदामपाल, आपण लिहिले की वरचे दोन मजले ‘मुळीच’ वाचले जात नाहीत. केवळ पट्टी अरुंद असती तर कधीमधी तरी एखादे वाचन झाले असते. मजल्यांप्रमाणे लेबलांचे रंग वेगळे आहेत का?

गोदामपाल

होय. पहिला पांढरा, दुसरा पिवळा, तिसरा नारिंगी, चौथा हिरवा आणि पाचवा निळा. चालकांना मजला पटकन ओळखू यावा म्हणून ही पद्धत ठेवली.

नाशिकचा अभियंता

मग शिडी लावून चौथ्या मजल्याचे लेबल हातभर अंतरावरून वाचून पाहा. माझ्या अंदाजाने तेही वाचले जाणार नाही. या स्कॅनरांचा प्रकाश लाल असतो, साधारण ६५० नॅनोमीटरचा. त्याला पिवळा आणि नारिंगी कागद पांढऱ्यासारखाच दिसतो, पण हिरवा आणि निळा कागद तो प्रकाश शोषून घेतो, म्हणून काळ्या पट्ट्या आणि पार्श्वभूमी यांत फरकच उरत नाही. याच कारणाने पांढऱ्यावर लाल शाईने छापलेला बारकोडही वाचला जात नाही.

गोदामपाल

पाहिले. हिरवे आणि निळे, दोन्ही अगदी जवळूनही वाचले जात नाहीत. स्कॅनर बदलूनही हे सुटले नसते, हे आता लक्षात येते. रंग ठेवायचाच असेल तर काय करावे?

थर्मलवाला

बारकोडच्या पट्ट्यांमागची पार्श्वभूमी आणि बाजूंची कोरी जागा पांढरी ठेवा; रंग लेबलच्या वरच्या किंवा खालच्या कडेला, क्रमांकाच्या मागे द्या.

छपाईबद्दल एक सूचना. शंभर मि.मी.च्या आसपास छपाई करणाऱ्या प्रिंटरवर दीडशे मि.मी.चा बारकोड लांबीच्या दिशेने, म्हणजे शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे पट्ट्या करून छापावा लागेल. अशा छपाईत प्रत्येक पट्टीची मागची कड पसरते, कारण प्रिंटरचे छपाईचे हेड गरम असतानाच कागद पुढे सरकत असतो. म्हणून वेग कमी ठेवा आणि उष्णताही बेताची ठेवा. रिफ्लेक्टिव्ह लेबलवर मेणाची रिबन टिकत नाही, त्यासाठी रेझिनची रिबन लागते. छपाईचा दर्जा मोजायचाच असेल तर आयएसओ/आयईसी १५४१६ या मानकाप्रमाणे श्रेणी देणारे यंत्र ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडून नमुना तपासून घ्या. मोबाइलच्या ॲपने वाचले म्हणजे छपाई चांगली, असे धरू नका.

नाशिकचा अभियंता

एक पर्याय मांडतो. सध्याचे लेझर स्कॅनर जुने झाल्यावर कॅमेऱ्याचे, म्हणजे इमेजर स्कॅनर घेतले तर? तिथे गणित पिक्सेलचे असते, पण निष्कर्ष तोच निघतो. समजा आडवे १२८० पिक्सेल आहेत आणि कॅमेऱ्याला दिसणाऱ्या क्षेत्राचा कोन ४२ अंशांचा आहे. तीस सेंटिमीटरवर सुमारे २३ सेंटिमीटर रुंदी दिसते, म्हणजे एका पिक्सेलला ०.१८ मि.मी. मिळतात आणि ०.३३ मि.मी.च्या पट्टीवर दोन पिक्सेलही पडत नाहीत. साठ सेंटिमीटरवर एकही पूर्ण पिक्सेल पडत नाही. लांब पल्ल्याच्या इमेजरमध्ये हा कोन अरुंद ठेवून हेच प्रमाण सुधारलेले असते.

पण इमेजरला द्विमितीय, म्हणजे क्यूआरसारखे चौकटींचे कोड वाचता येतात, आणि खरा फायदा तिथे आहे. आठ अंक १२ बाय १२ चौकटींच्या डेटा मॅट्रिक्स या द्विमितीय कोडमध्ये मावतात. चहूबाजूंची एकेक चौकट कोरी धरली तर १४ चौकटी होतात. ९० मि.मी.च्या चौरसात एक चौकट ६ मि.मी.हून मोठी होते, आणि आपण तर इथे १.३७५ मि.मी.साठी झगडतो आहोत. क्यूआर घेतला तरी सर्वांत लहान आवृत्ती २१ चौकटींची आहे आणि चारही बाजूंना चार-चार कोऱ्या चौकटी धरून २९ होतात. म्हणजे तीन मि.मी. मिळतात.

सूक्ष्ममापी

नवीन गोदाम असते तर मीही हेच सुचवले असते. पण हातात चालू स्थितीतले लेझर स्कॅनर आहेत आणि लेझरला द्विमितीय कोड वाचताच येत नाही, म्हणून आज त्याचा उपयोग नाही.

शिवाय कोनाचा विचार करा. चालक रॅकपासून अडीच मीटरवर असेल आणि लेबल त्याच्या डोळ्यांपेक्षा सव्वाचार मीटर उंच असेल, तर अंतर पाच मीटर होते आणि पाहण्याचा कोन साठ अंशांचा. या कोनातून लेबलची उंची निम्मीच दिसते. द्विमितीय कोडच्या चौकटी त्यामुळे चपट्या होतात आणि त्यांचा हिशेब निम्म्या उंचीवर करावा लागतो. उभ्या पट्ट्यांच्या बारकोडची फक्त उंची घटते, पट्ट्यांची रुंदी तेवढीच राहते. म्हणून, गोदामपाल, छपाई प्रिंटरवर कोणत्याही दिशेने करा, पण बीमवर चिकटवताना पट्ट्या उभ्याच आल्या पाहिजेत. जागा वाचवण्यासाठी काही ठिकाणी खांबावर बारकोड आडवा करून लावतात. वरच्या मजल्यांवर तसे केले तर पट्ट्यांची रुंदीच निम्मी दिसेल आणि पल्लाही तेवढाच घटेल.

गोदामपाल

एका गल्लीत बदल करून पाहिला. आठ अंकी मजकूर, अकरा डॉट, पांढरी पार्श्वभूमी, आणि वरच्या दोन मजल्यांना रिफ्लेक्टिव्ह लेबल. चौथा आणि पाचवा मजला आता चालक बसल्या जागेवरून वाचतात. मात्र नवीच अडचण आली आहे. खालच्या मजल्यांवरून सुटा माल काढणारी मुले रॅकसमोर उभी राहून तोच स्कॅनर वापरतात, आणि त्यांना मोठा बारकोड वाचण्यासाठी मागे सरकावे लागते.

सूक्ष्ममापी

ते अपेक्षितच होते. पट्टीची रुंदी जास्तीत जास्त अंतर ठरवते, तर बारकोडची एकूण रुंदी कमीत कमी अंतर ठरवते, कारण लेझरची रेघ कोऱ्या जागेसह संपूर्ण बारकोडवर मावली पाहिजे. लांब पल्ल्याच्या स्कॅनरची रेघ मुद्दाम आखूड ठेवलेली असते. समजा ती १३ अंशांची आहे. मग १३६ मि.मी.चा बारकोड मावण्यासाठी सुमारे साठ सेंटिमीटर मागे जावे लागते. खालच्या दोन मजल्यांवर तोच आठ अंकी मजकूर चार डॉटांत छापा. तो पन्नास मि.मी.त बसेल आणि रेघ वीस-बावीस सेंटिमीटरवरच त्याला पुरी पडेल. फोर्कलिफ्टवरूनही खालचे मजले दीड-दोन मीटरवरच असतात, त्यामुळे चालकांचेही अडणार नाही. खाली रिफ्लेक्टिव्ह लेबल मात्र लावू नका, इतक्या जवळून परतणारा प्रकाश जास्त होतो आणि वाचन उलट बिघडते.

गोदामपाल

तसेच करतो. सर्व गल्ल्या बदलून होईपर्यंत जुना दहा चिन्ही आणि नवा आठ अंकी, असे दोन्ही क्रमांक एकाच जागेचे म्हणून स्वीकारावेत, असे सॉफ्टवेअरवाल्यांना आजच कळवले आहे. स्कॅनरचा प्रस्ताव तूर्त मागे घेतला आहे.